दगडाचें लोखंड कसें होतें

अंगणांतल्या तुळशीवृंदावनाला सणावारीं आपण गेरूचा हात देतों आणि त्यावर पांढऱ्या रांगोळीचीं बोटें उमटवितों. हा गेरू म्हणजे काय, असें कोणी विचारल्यास 'तांबडी माती' एवढेंच उत्तर बहुतेक घरांत मिळेल. तें उत्तर खोटें नाहीं; पण त्या मातीचा तांबडेपणा हा लोखंडाचा आहे. कोंकणांतला जांभा दगड, गोव्याकडे देवळांच्या भिंतींवर जिनें चित्रें काढीत ती काव, आणि पावसांत पडून राहिलेल्या खिळ्यावर चढणारा गंज, हीं सारीं एकाच कुळांतलीं. लोखंड आणि प्राणवायु यांच्या संयोगापासून झालेला रंग त्या सर्वांत आहे. म्हणजे लोखंड आपल्या पायांखालीं सर्वत्र पसरलेलें आहे. अडचण एवढीच, कीं तें प्राणवायूच्या मिठींत आहे, आणि ती मिठी सहजासहजीं सुटत नाहीं. ती सोडविण्यासाठीं माणसानें जी अजस्र चूल बांधली, तिला झोतभट्टी म्हणतात. त्या चुलीविषयीं आज मला आपल्याशीं बोलावयाचें आहे.

श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं रसायनशास्त्राला शाळेंतच रामराम ठोकला असेल. त्यांनीं भिण्याचें कारण नाहीं. सारा व्यवहार एका वाक्यांत मावणारा आहे: प्राणवायूचें लोखंडाशीं सख्य आहे खरें, परंतु तापलेल्या कर्बाशीं, म्हणजे कोळशाशीं, त्याचें सख्य त्याहून अधिक आहे. लोखंडाचा दगड आणि जळता कोळसा एकत्र आणले, कीं प्राणवायु लोखंडाला सोडतो आणि कोळशाचा हात धरून धुराड्यावाटे निघून जातो. मागें राहतें तें लोखंड. ही गोष्ट माणसाला तीन हजार वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. मग तीस मीटर उंचीची, दहा मजली इमारतीएवढी भट्टी बांधण्याची गरज कां पडली? खरा प्रश्न हाच आहे.

आपल्याकडच्या जुन्या भट्ट्या आठवा. मध्य प्रांतांत आणि छत्तिसगडांत अगरिया जमातीचे लोक अलीकडच्या काळापर्यंत लोखंड काढीत असत. पुरुषभर उंचीची, बहुधा त्याहूनही ठेंगणी मातीची भट्टी. आंत लांकडी कोळसा आणि फोडलेला लोखंडाचा दगड. खालीं कातड्याचा भाता. कांहीं तासांनीं भट्टीचें तोंड फोडलें, कीं आंतून एक लालभडक, सच्छिद्र गोळा निघे. तो वितळलेला नसे. लोखंडाला वितळण्यासाठीं १५३८ अंश सेंटिग्रेडची उष्णता लागते, आणि तेवढी त्या भट्टींत मिळत नाहीं. त्या गोळ्यावर घणाचे घाव घालून मधली मळी पिळून काढावयाची, कीं झालें मऊ, घडवितां येणारें लोखंड. दिल्लीस कुतुबमिनाराजवळ जो सोळाशें वर्षांचा लोहस्तंभ उभा आहे, तो अशाच गोळ्यांना तापवून व ठोकून एकजीव केलेला आहे, ओतलेला नव्हे. त्याचें वजन सहा टनांहून अधिक भरतें. सहा टनांसाठीं किती गोळे, किती भट्ट्या आणि किती दिवसांचा भाता लागला असेल, याचा विचार केला म्हणजे या पद्धतीचें मोठेपण दिसतें, आणि तिची मर्यादाही.

आतां ही भट्टी उंच केली आणि खालून अधिक जोरानें हवा घातली, तर एक चमत्कारिक गोष्ट घडते. दगडांतून सुटलेलें लोखंड पुष्कळ वेळ तापलेल्या कोळशांतच राहतें, आणि त्या सहवासांत तें कोळसा खाऊं लागतें. शंभर भागांत चार भागांपर्यंत कर्ब त्यांत मुरतो. आणि कर्ब मुरला, कीं लोखंडाचा वितळण्याचा बिंदु १५३८ अंशांवरून ११५० अंशांच्या आसपास खालीं येतो. हें नवल वाटावयास नको. भांड्याला डाख लावणारा कारागीर रोज हीच युक्ति वापरतो. कथील २३२ अंशांवर वितळतें, शिसें ३२७ अंशांवर. परंतु दोहोंचें योग्य मिश्रण १८३ अंशांवरच पातळ होतें. तसेंच लोखंड व कर्ब यांचें. अशा रीतीनें उंच भट्टींतून गोळा निघत नाहीं, तर पाण्यासारखा रस वाहतो. तो रस थिजला म्हणजे त्याला आपण बीड म्हणतों. आपल्या स्वयंपाकघरांतला बिडाचा तवा या रसाचाच भाऊबंद. हातांतून फरशीवर पडला तर तो वाकत नाहीं, सरळ तडकतो. तो ठिसूळपणा त्या चार टक्के कर्बाचा.

चीनमधील लोकांना ही रसाची विद्या इसवी सनापूर्वीं कित्येक शतकें साधलेली होती. युरोपांत ती मध्ययुगाच्या उत्तरार्धांत आली. तेथें एक नवीच पंचाईत उभी राहिली. भट्टींत घालावयाचा तो लांकडी कोळसा. त्यासाठीं रानेंच्या रानें तोडावीं लागत. शिवाय लांकडी कोळसा भुसभुशीत. भट्टी फार उंच केली, तर वरच्या दगडांच्या भारानें त्याचा भुगा होतो, आणि भुग्यांतून हवा वर जात नाहीं. दगडी कोळसा घालावा, तर त्यांतला गंधक लोखंडांत उतरतो आणि लोखंड नासतें. इंग्लंडमध्यें कोलब्रुकडेल येथें अब्राहम डार्बी यानें १७०९ सालीं यावर उपाय काढला. दगडी कोळसा हवा न लागूं देतां भाजला, तर त्यांतील धूर, डांबर व पुष्कळसा गंधक निघून जातो, आणि उरतो तो करडा, कठीण, छिद्रांनीं भरलेला कोक. डार्बीनें तो भट्टींत घातला. अर्वाचीन पोलादी युगाचा पाया या एका बदलांत आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां आपण प्रत्यक्ष भट्टींत उतरूं, अर्थात् कल्पनेनेंच. तिचा आकार उंच रांजणासारखा समजा. तोंडाशीं निमुळती, खालीं येतां येतां रुंद होत गेलेली, पोटाशीं सर्वांत फुगीर, आणि बुडाशीं पुन्हां थोडी आवळलेली. हा आकार शोभेसाठीं नाहीं. वरून पडणारा माल तापत जातांना फुगतो, म्हणून त्याला खालीं जागा अधिक लागते. पुढें तो वितळूं लागला, कीं त्याचें आकारमान घटतें, म्हणून भिंतीही जवळ येतात. बाहेरून पोलादी कवच, आंतून उष्णता सोसणाऱ्या विटांचें अस्तर, आणि त्या अस्तरांत खेळविलेलें थंड पाणी.

वरच्या तोंडानें एक थर कोकचा, एक थर लोखंडाच्या दगडाचा, असे थर सतत पडत असतात. दगडाबरोबर चुनखडीही असते. ती कशासाठीं तें पुढें सांगतों. बुडाजवळ भट्टीभोंवतीं वाटोळीनें तांब्याचीं नळकांडीं बसविलेलीं असतात. त्यांतून तापविलेल्या हवेचा प्रचंड झोत आंत शिरतो. याच झोतावरून भट्टीला नांव पडलें. एक टन बीड काढण्यास साधारणतः दीड टनाहून थोडा अधिक दगड, सुमारें अर्धा टन कोक व कोळशाची पूड, आणि एक टनाहून अधिक हवा लागते. हवेला वजन असतें हें आपण विसरतों. येथें तर तिचें वजन निघणाऱ्या धातूहूनही अधिक भरतें.

झोत जेथें कोकला भिडतो, तेथें उष्णता दोन हजार अंशांच्या वर जाते. तेथें कोक जळून कार्बन डायॉक्साइड होतो. परंतु भोंवतालीं लाल कोकचाच ढीग असल्यामुळें तो वायु लगेच आणखी कर्ब उचलतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. हा दुसरा वायु म्हणजे अर्धपोटीं राहिलेला पाहुणा. त्याला आणखी प्राणवायु हवा असतो, आणि तो जिथें मिळेल तिथून घेण्यास तो टपलेला असतो. तो वर चढूं लागतो. वरून तांबडा दगड उतरत असतो. दोघांची गांठ पडते. ५०० ते ९०० अंशांच्या पट्ट्यांत दगडांतला प्राणवायु बराचसा या वायूनें ओढून घेतलेला असतो. म्हणजे दगड वितळण्याच्या पुष्कळ आधीं, घन असतांनाच, त्याचें लोखंड होऊन गेलेलें असतें. उरलासुरला प्राणवायु खालीं कोक स्वतः काढून घेतो.

या भेटीचा वेग मोठा विषम आहे. वरून टाकलेला दगड बुडाशीं पोंचण्यास सहाआठ तास घेतो. खालून निघालेला वायु भट्टीबाहेर पडण्यास कांहीं सेकंदच घेतो. तेवढ्या क्षणांत त्यानें आपली उष्णता मालाला देऊन टाकलेली असते. तळाशीं दोन हजार अंशांवर असलेला वायु तोंडाशीं अवघ्या दीडदोनशें अंशांवर येतो. इतकी काटकसर करणारी चूल दुसरी क्वचितच असेल.

सुमारें १२०० अंशांच्या पुढें दगड मऊ पडतो, मग पाझरूं लागतो. भट्टींत इतका वेळ टिकून राहिलेला एकच घन पदार्थ असतो, आणि तो म्हणजे कोक. लोखंडाचे थेंब कोकच्या तुकड्यांमधून पागोळ्यांप्रमाणें ठिबकत खालीं येतात आणि त्याच फटींतून वायु वर चढतो. कोकचीं कामें तीन: जळून उष्णता देणें, प्राणवायु हिरावून घेणें, आणि डोक्यावरील शेंकडों टनांचा भार सोसून वाट मोकळी ठेवणें. पहिलीं दोन कामें साधा कोळसाही करूं शकेल; म्हणूनच आतां कोळशाची पूड झोताबरोबर आंत फुंकतात. तिसरें काम मात्र कोकवांचून कोणालाही जमत नाहीं. हें तिसरें काम श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. त्यानेंच महाराष्ट्रांतील एका जिल्ह्याचें नशीब फिरविलें.

लोखंडाच्या दगडांत लोखंड एकटें नसतें. वाळू, चिकणमाती यांचा अंश त्यांत असतोच, आणि कोकच्या राखेंतही असतो. हीं द्रव्यें एकटीं सहज वितळत नाहींत. तशींच राहिलीं, तर भट्टी तुंबेल. येथें चुनखडी उपयोगी पडते. ती तापून तिचा चुना होतो, चुना वाळूशीं मिळतो आणि दोहोंचा पातळ, कांचेसारखा रस होतो. तिला मळी म्हणतात. मळी लोखंडाहून हलकी, म्हणून ती तेलासारखी वर तरंगते आणि वेगळी काढतां येते. जातां जातां ती गंधकही आपल्याबरोबर नेते. स्फुरदाचें, म्हणजे फॉस्फरसचें, मात्र तिच्यापुढें कांहीं चालत नाहीं. दगडांत व कोकमध्यें जितका स्फुरद असेल, तितका जवळजवळ सगळा लोखंडांत उतरतो. त्याला पोलाद करतांनाच घालवावें लागतें. पूर्वीं मळीचे डोंगर कारखान्यांभोंवतीं सांचत. आतां वितळलेल्या मळीवर पाण्याचे फवारे सोडून तिची वाळू करतात, ती दळून सिमेंटांत मिसळतात. आपण ज्या घरांत बसून हें ऐकत आहां, त्याच्या भिंतींतही कदाचित् एखाद्या भट्टीची मळी असेल.

हवा तापवून कां घालावयाची, याची एक गमतीची हकीकत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या भट्टीवाल्यांचा ठाम समज होता, कीं हवा जितकी थंड तितकें लोखंड चांगलें. पुरावा काय? तर हिंवाळ्यांत भट्ट्या अधिक चांगल्या चालतात! म्हणून कोणी हवेच्या टाक्यांना पांढरा रंग देत, कोणी ती थंड पाण्यावरून नेत. निरीक्षण बरोबर होतें, अनुमान चुकलें. हिंवाळ्यांतील हवा दाट व कोरडी असते, हें खरें कारण. ओलसर हवेंतली वाफ भट्टींत शिरली, कीं ती फोडण्यांत कोकची उष्णता खर्च होते. ग्लासगो येथील गॅसच्या कारखान्यावर असलेल्या जेम्स नील्सन नांवाच्या गृहस्थानें १८२८ सालीं उलट मार्ग धरला. हवा आधींच तापवून घालण्याचें पेटंट त्यानें घेतलें. क्लाइड येथील कारखान्यांत पूर्वीं एक टन लोखंडामागें आठ टन कोळसा लागत असे; हवा तापविल्यावर तो वर्षभरांत पांच टनांवर आला. अनुभवी माणसांच्या मताचा आदर करावा हें खरें, पण तें मोजूनही पाहावें.

पुढें १८५७ सालीं एडवर्ड कौपर यानें या युक्तीला पूर्णता आणली. भट्टीच्या तोंडांतून निघणारा वायु अजून थोडा जळण्याजोगा असतो, कारण त्यांत कार्बन मोनॉक्साइड शिल्लक असतो. कौपरनें उंच मनोऱ्यांत जाळीदार विटा रचल्या आणि हा वायु त्यांत जाळून त्या लाल केल्या. मग वायु बंद करून त्याच विटांतून भट्टींत जाणारी हवा सोडली. एक मनोरा तापत असतो, तेव्हां दुसरा हवेला ऊब देत असतो. पाळीपाळीनें हें चालूं राहतें. आज ही हवा हजारबाराशें अंशांपर्यंत तापलेली असते. झोतभट्टीचें चित्र पाहिलें, तर शेजारीं तीनचार घुमटाकार मनोरे दिसतात, ते हेच.

या वायूविषयीं एक इशारा द्यावयास हवा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं. बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवून निजलेलीं माणसें सकाळीं उठलीं नाहींत, अशा बातम्या आपण वाचतों. त्यांस मारणारा वायु हाच. भट्टीवर काम करणारे लोक गळ्याशीं एक लहानसें यंत्र अडकवून हिंडतात. हा वायु वाढला, कीं तें किंचाळूं लागतें. शेगडीला तें किंचाळणारें यंत्र नसतें. म्हणून तेवढी खिडकी उघडी ठेवावी.

आतां सर्वांत प्रेक्षणीय भाग. दर कांहीं तासांनीं बुडाशीं असलेलें मातीनें बुजविलेलें भोंक यंत्रानें फोडतात. मीं एकदां हें पाहिलें आहे. आधीं ठिणग्यांचा फवारा, मग पिवळसर पांढरा ओघ. पाहण्यासाठीं निळी कांच डोळ्यांशीं धरावी लागली. इतकी जड वस्तु इतकी पातळ वाहते, हें डोळ्यांना पटत नाहीं. मोरींतल्या पाण्याप्रमाणें ती चरांतून धांवते. वाटेंत एक आडवा अडथळा असतो, त्याखालून लोखंड जातें आणि वरून मळी दुसऱ्या चराला लागते. माझ्या बाजूला उभा असलेला वयस्क मिस्त्री ठिणग्यांकडे पाहूनच लोखंड कसें उतरलें आहे, तें सांगत होता. प्रयोगशाळेचा कागद पुढें पंधरा मिनिटांनीं आला. ओघ संपला, कीं यंत्राच्या तोफेनें मातीचा गोळा भोंकांत दाबून तें बंद करतात. पूर्वीं हा रस वाळूंत केलेल्या साच्यांत सोडीत: मध्यें एक लांब चर आणि त्याला लागून आंखूड चरांची रांग. डुकरीण आणि तिला लुचणारीं पिलें अशी ती आकृति इंग्रज कामगारांना दिसली. म्हणून त्यांनीं या लोखंडाला 'पिग आयर्न' म्हटलें. आतां बहुतेक ठिकाणीं रस थिजूं न देतां रुळांवरील मोठ्या पात्रांतून थेट पोलादखान्यांत नेतात. तेथें त्यांत शुद्ध प्राणवायु फुंकून जास्तीचा कर्ब जाळून टाकतात, कीं झालें पोलाद. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

अग्निहोत्र्याच्या घरचा अग्नि विझत नसे. झोतभट्टीचेंही तसेंच. एकदां पेटविली म्हणजे ती रात्रंदिवस, सणवार न पाळतां, पंधरावीस वर्षें जळत राहते. मग अस्तर झिजलें म्हणून तिला विश्रांति देतात. मध्येंच हवा बराच काळ बंद पडली, तर आंतला शेंकडों टन माल थिजून एक पहाड होतो, आणि तो फोडून काढण्यास महिने लागतात. म्हणून संपाच्या वेळीं, पुराच्या वेळीं, युद्धाच्या वेळींही भट्टीवरचीं माणसें आधीं भट्टीचा विचार करतात.

आतां त्या जिल्ह्याची गोष्ट. चांदा जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या चंद्रपुराकडे, लोहारा नांवाचें एक ठिकाण आहे. तेथील लोखंडाच्या दगडाविषयीं रिटर फॉन श्वार्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल १८८२ सालीं जमशेटजी टाटा यांच्या वाचनांत आला. दगड उत्तम, आणि वरोऱ्याच्या कोळशाच्या खाणी जवळच. कापडाच्या धंद्यांत नांव मिळविलेल्या या गृहस्थाच्या मनांत पोलादाच्या कारखान्याचें बीज तेव्हांच पडलें. पण वरोऱ्याचा कोळसा तपासून पाहिला, तेव्हां तो या कामाला निरुपयोगी ठरला. तो जळतो, ऊब देतो. पण भाजला असतां त्याचा कठीण कोक होत नाहीं. तें तिसरें काम त्याच्यानें होण्यासारखें नव्हतें. खाणकामाचे त्या वेळचे सरकारी नियमही जाचक होते. योजना बारगळली.

वीस वर्षांनंतर नियम सैल झाल्यावर शोध पुन्हां सुरू झाला. जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी आणि अमेरिकेहून आलेले भूशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड हे १९०४ सालीं चांद्याच्या रानांत हिंडले. साठा मोठ्या कारखान्याला पुरण्याजोगा नाहीं, असें दिसून आलें. निराश होऊन दोराबजी नागपुरास आले. ज्या अधिकाऱ्यास भेटावयाचें तो जागेवर नव्हता, म्हणून वेळ घालविण्यास ते समोरच्या वस्तुसंग्रहालयांत शिरले. तेथें भिंतीवर मध्य प्रांताचा एक भूस्तर-नकाशा होता. त्यावर द्रुग भागांत लोखंडाच्या खुणा दिसल्या. तें ठिकाण म्हणजे दल्ली-राजहरा. नकाशामागें काम होतें प्रमथनाथ बोस या बंगाली भूशास्त्रज्ञाचें. आणि त्याच बोस यांनीं, त्या वेळीं मयूरभंज संस्थानांत नोकरीस असतांना, २४ फेब्रुवारी १९०४ रोजीं जमशेटजींना पत्र लिहून तेथील गोरुमहिसानी डोंगराची माहिती कळविली होती. जमशेटजी त्याच वर्षीं मे महिन्यांत जर्मनींत निवर्तले. शेवटीं निवड झाली ती मयूरभंजच्या दगडाची आणि झरियाच्या कोळशाची; कारण झरियाच्या कोळशाचा कोक होतो. सुवर्णरेखा व खरकई या नद्यांच्या संगमाजवळ साकची गांवीं कारखाना उभा राहिला, आणि २ डिसेंबर १९११ रोजीं तेथील झोतभट्टींतून पहिलें लोखंड वाहिलें. १९१९ सालीं साकचीचें जमशेदपूर झालें. त्या वेळीं बाजूला राहिलेला दल्ली-राजहराचा दगड पुढें भिलाईस कामीं आला. तेथील पहिली भट्टी १९५९ च्या फेब्रुवारींत सुरू झाली.

कोकची ही अडचण संपलेली नाहीं. आपल्या देशांत लोखंडाचा दगड विपुल आहे, कोळसाही विपुल आहे. पण कोक होण्याजोगा चांगला कोळसा थोडा, आणि त्यांत राख फार. भट्ट्यांना लागणारा असा कोळसा बहुतांशीं परदेशांतून, विशेषतः ऑस्ट्रेलियांतून, आणावा लागतो. आणि आतां दुसरी एक अडचण तिच्याहून मोठी होऊन बसली आहे. प्राणवायु कोळशाचा हात धरून निघून जातो, असें मीं आरंभीं म्हटलें. तो जातो कोठें? कार्बन डायॉक्साइड होऊन आकाशांत. झोतभट्टीच्या मार्गानें एक टन पोलाद करावयाचें, तर सुमारें दोन टन हा वायु बाहेर पडतो. पृथ्वीचें हवामान ज्यामुळें तापत चाललें आहे, तोच हा. विजेच्या कारखान्यांत कोळशाऐवजीं ऊन किंवा वारा वापरतां येतो, कारण तेथें फक्त शक्ति हवी असते. भट्टींत कोळसा केवळ इंधन नाहीं. प्राणवायूला घेऊन जाणारा तोच आहे. त्याला काढावयाचें, तर प्राणवायूला दुसरा सोबती शोधून द्यावा लागतो.

असा सोबती हायड्रोजन आहे. तो प्राणवायु घेऊन जातो आणि त्याचें पाणी होतें. स्वीडनमध्यें २०२१ सालीं लुलेओ येथें या रीतीनें काढलेलें लोखंड दाखविण्यांत आलें. परंतु हायड्रोजन कोकसारखा भार उचलूं शकत नाहीं. म्हणून अशा भट्टींत लोखंड वितळवीत नाहींत. घन दगडाचेंच सच्छिद्र लोखंड होतें, आणि तें पुढें विजेच्या भट्टींत वितळवावें लागतें. म्हणजे फिरून आपण अगरियांच्या त्या न वितळलेल्या गोळ्यापाशीं येऊन ठेपलों! खर्च अजून फार आहे, आणि हायड्रोजन स्वच्छ विजेनेंच केलेला असावा लागतो. नाहीं तर एका धुराड्याचा धूर दुसऱ्या धुराड्यांतून निघाला, एवढाच फरक. ब्रिटनमध्यें पोर्ट टालबट येथील शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजीं बंद झाली आणि तेथील हजारों कामगारांच्या घरांत काळजी शिरली. तेथें मोडीचें लोखंड विजेवर वितळविण्याचें ठरलें आहे. मोड पुष्कळ सांचलेल्या देशाला तें शक्य आहे. ज्या देशाचे पूल, रूळ आणि घरें अजून बांधावयाचीं आहेत, त्याच्यापाशीं तेवढी मोड येणार कोठून? म्हणून आपल्याकडे नव्या झोतभट्ट्या आजही उभ्या राहत आहेत. त्यांतील प्रत्येक भट्टी, वर सांगितल्याप्रमाणें, एकदां पेटली कीं पंधरावीस वर्षें जळावयाची.

चांद्याचें मात्र कांहीं अगदींच वायां गेलें नाहीं. न वितळवितां सच्छिद्र लोखंड करण्याची कोळशावरची रीत आपल्या देशांत फार पसरली आहे, आणि तिला कोक लागत नाहीं. आडवी फिरणारी लांबलचक भट्टी आणि साधा कोळसा पुरतो. चंद्रपुराजवळ घुग्घुस येथें असें लोखंड होतें, आणि त्यासाठीं दगड गडचिरोलीच्या सुरजागडाहून येतो. धूर त्यांतही आहेच.